तुलनात्मक निबंध म्हणजे आपलं 'फरक स्पष्ट करा'च का? (लेकीसाठी मदत हवी)

सातपूरकर
नमस्कार मंडळी.
लेक एफ.वाय.ला आहे, आर्ट्स. इंग्रजीच्या मॅडमनी 'कम्पेअर अँड कॉन्ट्रास्ट' प्रकारातला हजार शब्दांचा निबंध सांगितलाय. विषय आपला आपण निवडायचा, पण दोन्ही गोष्टी नाशिक जिल्ह्यातल्या हव्यात आणि स्वतः जाऊन पाहिलेल्या हव्यात. हातात बारा दिवस आहेत.

तिने 'नाशिक आणि त्र्यंबकेश्वर' घेतलं. काल रात्री जेवणं झाल्यावर वाचून दाखवलं. पहिली दीड पानं नाशिक, मग पानभर त्र्यंबक, आणि शेवटी 'दोन्हींचे आपापले महत्त्व आहे, ती एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत'. वाक्य न वाक्य खरं होतं. तरी ऐकता ऐकता मला डुलकी लागली आणि ती तिने पाहिली. घरात सध्या अबोला आहे.

मी टूलरूमचा माणूस. आमच्या वेळी 'फरक स्पष्ट करा' असायचं. मधोमध रेघ, डावीकडे चार मुद्दे, उजवीकडे चार मुद्दे, चार गुण. हे तेच लांबवून लिहायचं असतं का? की काही वेगळं प्रकरण आहे? इंग्रजी तिचं चांगलं आहे, भाषेची अडचण नाही. गाडी अडलीये ती 'लिहायचं काय' इथे.

चहाबाज
अबोला आणि बोलणी यांची तुलना लिहा म्हणावं. दोन्ही नाशिक जिल्ह्यातलं, दोन्ही स्वतः पाहिलेलं.

मनमाडची मनू
'फरक स्पष्ट करा'ची खरी गंमत सांगते. वनस्पती पेशी आणि प्राणी पेशी. डावीकडे 'पेशीभित्तिका असते', उजवीकडे 'पेशीभित्तिका नसते'. डावीकडे 'हरितलवके असतात', उजवीकडे 'नसतात'. एक बाजू पाठ केली की दुसरी फुकट! मी अख्खी दहावी असते-नसते वर काढली आणि पैकीच्या पैकी घेतले. झाडाच्या पेशीला भिंत का लागते आणि आपल्या पेशीला का लागत नाही, हे मला कुणी विचारलं नाही, मीही कुणाला विचारलं नाही.

तेव्हा दादा, कोष्टक वाईट नाही. पण त्यात 'का' कुठेच लिहावं लागत नाही, म्हणून ते सोपं जातं.

खडूफळा
एकतीस वर्षं शिकवलं, आता निवृत्त. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

सातपूरकर, तुमच्याच कामातलं घेऊ. दोन जॉब टेबलावर आले की तुम्ही लगेच व्हर्नियर उचलता का? आधी विचारता, काय मोजायचंय? व्यास, खोली, की पृष्ठभाग? निबंधातही पहिलं तेच ठरवायचं. इंग्रजीवाले त्याला तुलनेचा आधार म्हणतात. आपल्या व्याकरणात ते केव्हाचं आहे. उपमा अलंकाराची चार अंगं आठवा: उपमेय, उपमान, साधारण धर्म, साम्यसूचक शब्द. पोरं उपमेय-उपमान घोकून ठेवतात आणि साधारण धर्म विसरतात. मुख आणि चंद्र दोन्ही समोर असून भागत नाही. दोघांत समान काय, ते बोलावं लागतं.

पैज लावतो, लेकीच्या निबंधात नाशिकखाली लोकसंख्या, एमआयडीसी आणि उड्डाणपूल असेल, आणि त्र्यंबकखाली ब्रह्मगिरी, ज्योतिर्लिंग आणि पाऊस. म्हणजे एकाचा व्यास मोजला आणि दुसऱ्याचं वजन केलं. ती दोन वर्णनं झाली. मधे पान उलटलं एवढाच त्यांचा संबंध.

त्र्यंबकच ठेवायचं असेल तर एक धागा पकडा. उदाहरणार्थ सिंहस्थ. गुरू सिंहेत आला की कुंभ भरतो, दोन्हीकडे एकाच काळात, एकाच गोदावरीवर. पण शैव आखाडे स्नान करतात त्र्यंबकला कुशावर्तात, आणि वैष्णव आखाडे नाशकात रामकुंडावर. पर्वणी तीच, नदी तीच, मग घाट दोन का? आता लिहायला काही तरी हाताला लागलं. लोकसंख्येचा आकडा आपोआप गळून पडेल.

आणि 'एकाच नाण्याच्या दोन बाजू' हे वाक्य माझ्या वर्गात दंडनीय होतं. जो लिहील त्याने दुसऱ्या दिवशी फळा पुसायचा. काही वर्षं मला फळा पुसावाच लागला नाही.

सातपूरकर
सर, पैज जिंकलात. उड्डाणपूल दोनदा आहे.

निफाडी
आमचं द्राक्षाचं घर, त्यामुळे बोलतो. पुतण्याने शाळेत 'कांदा आणि द्राक्ष' लिहिलं होतं. कांदा जमिनीत येतो, द्राक्ष वर येतं. कांदा तिखट, द्राक्ष गोड. मी म्हटलं बाळा, हे लासलगावच्या बैलालापण माहितीये.

ज्या दोन गोष्टी लोकांना सारख्या वाटतात त्या घ्या, मग फरक सांगण्यात मजा. आमच्याकडे बांधाच्या अलीकडे खायची द्राक्षं आहेत, थॉम्पसन. पलीकडे भावाने वाईनची लावलीयेत, शिराज. येणारा पाहुणा म्हणतो, दोन्ही बागाच की. मांडव तसाच, एप्रिलची खरड छाटणी तीच, ऑक्टोबरची गोडी छाटणी तीच, कात्रीपण तीच. पण त्यानंतर आम्ही दोघं भाऊ एकमेकांच्या बरोबर उलट वागतो. मी घडाची विरळणी करतो, जीएचे डिपिंग देतो (मणी वाढवणाऱ्या संजीवकात घड बुडवतो), मणी फुगावा म्हणून जीव काढतो. त्याचा मणी फुगला की त्याच्या पोटात गोळा येतो. कारण लाल वाईनचा रंग आणि बरीचशी चव सालीतून येते. मणी बारीक राहिला तर रसाच्या मानाने साल जास्त. माझं गिऱ्हाईक बी लागली तर थुंकेल, त्याच्या मण्यात बी असतेच आणि कुणाची तक्रार नाही. मी अठराच्या आसपास ब्रिक्सला (रसातल्या साखरेचं माप) तोडतो, तो बावीस-चोवीसपर्यंत वेलीवर ठेवतो आणि रोज सकाळी रिफ्रॅक्टोमीटर डोळ्याला लावून आभाळाकडे बघत उभा असतो.

आता यात साम्य किती आणि फरक किती, तुम्हीच मोजा. पण कारण एकच आहे: माझा मणी तोंडात जायचा, त्याचा टाकीत.

मनमाडची मनू
@निफाडी, हा प्रतिसाद तसाच इंग्रजीत करून दिला तर पोरगी पहिली येईल. 'त्याच्या पोटात गोळा येतो' सोडून. ते इंग्रजीत नाही जायचं.

आकाशकंदील
वाखूसा (वाचनखूण साठवली).

परदेशी पाव्हणा
मी आयेल्ट्सच्या (परदेशी जाण्यासाठीची इंग्रजीची परीक्षा) वेळी हे सगळं भोगलंय. तिथे पहिल्या टास्कमध्ये आलेख, तक्ते असं काही तरी देतात, वीस मिनिटं आणि किमान दीडशे शब्द, आणि प्रश्नातच लिहिलेलं असतं की जरूर तिथे तुलना करा. क्लासमध्ये आम्हाला दोन साचे शिकवले होते. एक, आधी 'अ'बद्दल सगळं, मग 'ब'बद्दल सगळं. दुसरा, एकेक मुद्दा घेऊन 'अ' आणि 'ब' दोन्ही, मग पुढचा मुद्दा. पहिला साचा कधीही वापरू नका. वाचणारा 'ब'पर्यंत पोचतो तोवर 'अ' विसरलेला असतो.

रविवार कारंजा
'कधीही' नको. तीनशे शब्दांत वाचणारा काही विसरत नाही. मुद्देवार पद्धत लहान निबंधात फार टकटक करते. नाशिक असं, त्र्यंबक तसं. नाशिक असं, त्र्यंबक तसं. टेबल टेनिस बघताना मान दुखते तशी वाचणाऱ्याची दुखते.

परदेशी पाव्हणा
आणि वेळेचं काय? माझ्या मित्राने कॉलेजच्या पेपरात पहिल्या साच्याने लिहिलं. 'अ'वर अडीच पानं आणि 'ब'वर घंटा. घंटा म्हणजे खरीच, सुपरवायझरने वाजवली. 'ब'ला चार ओळी मिळाल्या. मुद्देवार लिहिलं असतं तर निदान तीन मुद्दे दोन्ही बाजूंनी पुरे झाले असते.

खडूफळा
दोघांचंही खरं. घरी बसून लिहायच्या निबंधात मी मुलांना तिसरा मार्ग सांगायचो. जे सारखं आहे ते आधी एका दमात सांगून टाका. निफाडींनी काय केलं पाहा: मांडव, छाटणी, कात्री, दोन ओळींत साम्य संपवलं. मग फरक मात्र एकेक करून, सावकाश. त्यांना हा साचा कुणी शिकवला नाही. बांध शिकवतो.

दुसरं म्हणजे, दोन्हींना सारखीच जागा द्यायची गरज नसते. वाचकाला जे आधीच दिसतंय त्यावर शाई घालवू नये. उघड सारख्या गोष्टी असतील तर फरकाला जागा, उघड वेगळ्या असतील तर साम्याला.

चहाबाज
मग मिसळ घ्या ना. नाशिकची, कोल्हापूरची आणि पुण्याची. उघड सारखी, उघड वेगळी, सगळंच आहे.

गंगापूर रोडची सून
माहेर कोल्हापूर. मी काही बोलत नाही. फक्त एवढंच म्हणते की मिसळीबरोबर पापड हा काय प्रकार आहे.

रविवार कारंजा
पापड मोडून रश्श्यात टाकायचा असतो, ताई. लग्नाला किती वर्षं झाली?

गंगापूर रोडची सून
अकरा. आणि अकरा वर्षं मी तो बाजूला काढून ठेवते.

संपादक मंडळ
मिसळीचे तीन धागे आधीच चालू आहेत. कृपया विषयाला धरून.

नवा भिडू
एवढा विचार कशाला? चॅटबॉटला सांगा, दोन मिनिटांत हजार शब्द.

सातपूरकर
अबोल्याच्या दुसऱ्या दिवशी मी गुपचूप तेच करून बघितलं. शेवटचं वाक्य काय आलं असेल? 'अशा प्रकारे दोन्ही स्थळांना आपापले वेगळे महत्त्व आहे.' लेकीचंच वाक्य. मी फोन उलटा ठेवून दिला.

गंगापूर रोडची सून
पापडावरून आठवलं, पण विषयाला धरून आहे, संपादक रागावू नका.

माझ्या लग्नाच्या वेळी दोन स्थळं एकदम आली होती. आत्या बँकेत होती, तिने लेजरच्या कागदावर कोष्टक केलं. शिक्षण, पगार, स्वतःचा फ्लॅट, घरात माणसं किती, गाव किती लांब. प्रत्येक ओळीत बरोबरची खूण. एक स्थळ पाच-दोनने जिंकलं. आई खूश. मी तो कागद घेऊन गच्चीत गेले आणि खाली पेन्सिलने एक ओळ वाढवली: 'मी बोलत असताना ऐकत होता का'. पोह्याच्या वेळी पाच-दोनवाला तीनदा फोनमध्ये बघत होता. हा दुसरा, मी काय म्हटलं ते पुढच्या भेटीत आठवून बोलला.

आत्या अजून म्हणते, तुझी ओळ नियमात नव्हती. माझं म्हणणं, तिच्या ओळी तरी कुठल्या नियमात होत्या? फ्लॅटची ओळ घालायची हे तिनेच ठरवलं ना! कोष्टक निःपक्षपाती दिसतं, पण ओळी कुठल्या घ्यायच्या हे ठरवतानाच आपण आपलं मत देऊन बसलेलो असतो. तुमच्या लेकीला विचारा, उड्डाणपुलाची ओळ का घेतली? पुस्तकात होती म्हणून, की तिला त्या पुलाबद्दल काही म्हणायचंय म्हणून?

चहाबाज
आणि पापडाची ओळ?

गंगापूर रोडची सून
ती ओळ घातली असती तर आज मी कोल्हापुरात असते.

अभ्यासिका
मी स्पर्धा परीक्षावाला. यूपीएससीच्या निबंधाच्या पेपरात तीन तासांत दोन निबंध लिहायचे असतात, प्रत्येकी हजार-बाराशे शब्द, एकूण २५० गुण. तिथे तुलना हा प्रकार वेगळा सांगत नाहीत, पण विषयाच्या पोटात असतोच. आमच्या टेस्ट सिरीजमध्ये माझ्या निबंधावर शेरा आला होता, 'सो व्हॉट?' एवढाच. लाल पेनाने, चार ठिकाणी. आठवडाभर राग धरला. मग कळलं की मी प्रत्येक परिच्छेदात फरक सांगून थांबत होतो. फरक आहे, बरं, मग? त्याने काय झालं?

आता मी कच्च्या कागदावर प्रत्येक मुद्द्यापुढे 'म्हणून काय?' लिहितो. उत्तर सुचलं नाही तर मुद्दा काटतो. साधारण निम्मे जातात.

अवांतर: 'ऑन द अदर हँड' मोजा म्हणावं. माझ्या एका निबंधात अकरा निघाले होते.

रविवार कारंजा
अकरा हात म्हणजे बरे आहेत. रावणाला वीस होते.

मनमाडची मनू
मराठीत आपलं 'याउलट' तसंच आहे. दर परिच्छेदाच्या दारात चपलेसारखं काढून ठेवलेलं. त्यापेक्षा साधं 'तर' किती काम करतं बघा. 'माझा मणी तोंडात जायचा, तर त्याचा टाकीत.' निफाडींनी तर तेही घातलं नाही, नुसता स्वल्पविराम दिला.

निफाडी
ताई, मी ते मोबाइलवर पाण्याची मोटर चालू व्हायची वाट बघत टाइप केलं. स्वल्पविराम कसा पडला मलाच माहीत नाही.

लेणीवाला
उशिरा आलो. सातपूरकर, मुलीने पांडवलेणी पाहिलीयेत का? पाहिली असतील तर त्र्यंबक सोडा आणि लेणं क्रमांक ३ आणि लेणं क्रमांक १० घ्या. तुलनेसाठी इतकी तयार जोडी जिल्ह्यात दुसरी नाही.

चोवीस लेण्यांतल्या मोठ्यांपैकी ही दोन. लोक वर येतात, हाशहुश करतात, सेल्फी काढतात आणि दोन्ही सारखीच म्हणून उतरतात. सारखी आहेतच. पुढे खांबांची ओवरी, आत मोठं चौकोनी दालन, तीन बाजूंना भिक्षूंच्या खोल्या. दहामध्ये सोळा खोल्या, तीनमध्ये अठरा. पण दहा नंबर दिलं ते क्षहरात राजा नहपान याच्या जावयाने, उषवदाताने. आणि तीन नंबर दिलं ते त्या नहपानाला हरवणाऱ्या सातवाहन राजाच्या, गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईने, गौतमी बलश्रीने, नातू पुळुमावी याच्या कारकिर्दीच्या १९व्या वर्षी. म्हणजे ज्या घराण्याला मुलाने संपवलं, त्याच घराण्याच्या लेण्यापासून हाकेच्या अंतरावर आईने तसंच लेणं दिलं. तिच्या लेखात मुलाचं वर्णनच आहे, खखरात (म्हणजे हेच क्षहरात) वंश निर्मूळ करणारा.

आता दोघांचे लेख शेजारी ठेवा. उषवदात हिशेबी. तो ३००० कार्षापणांची (तेव्हाची नाणी) कायमची ठेव ठेवतो. त्यातले २००० कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, महिना शेकडा एक व्याजाने. सातपूरकर, तुम्हीच करा गणित: वर्षाचे २४०. लेखात पुढे आहे, लेण्यात वर्षावास (पावसाळ्यातला मुक्काम) करणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी बारा. वीस गुणिले बारा, २४०. दगडातली बेरीज दोन हजार वर्षांनंतरही जुळते. बलश्रीच्या लेखात असला हिशेब नाही, तिथे मुलाचं गुणगान आहे, ओळीमागून ओळ. एकाला वाटतं ठेव टिकली की आपण टिकलो, दुसरीला वाटतं नाव टिकलं की मुलगा टिकला. (हे वाटणं माझं, दगडावर नाही.)

आणि ज्याला मुळात कोरीवकामात रस असेल त्याने दारं बघावीत. दहाची साधी, तिसऱ्याचं कोरलेलं. तिसऱ्याच्या ओवरीखाली लेणं खांद्यावर घेतल्यासारखे यक्ष आहेत, तसं दहाला नाही.

खडूफळा
वा! उघड सारखं, आणि फरकाला 'का' आहे. सातपूरकर, हेच घ्या.

अभ्यासिका
'म्हणून काय?'चं उत्तर पण तयार आहे. जिंकणाऱ्याने हरलेल्याचं लेणं फोडलं नाही, त्याच्यासारखंच शेजारी काढलं.

लेणीवाला
आणखी पुढे आहे. तीन नंबरमध्येच गौतमीपुत्राचा स्वतःचा, १८व्या वर्षाचा आदेश आहे. त्यात तो भिक्षूंना २०० निवर्तन (जमिनीचं जुनं माप) शेत देतो, आणि ते कुठलं, तर आजवर उषवदाताच्या भोगवट्यात असलेलं. सातबाऱ्यावर नाव फिरलं म्हणा.

निफाडी
आत्ता समजलं. राजे बदलले तरी भांडण बांधाचंच.

सातपूरकर
मंडळी, अबोला सुटला. धागा तिला सुरुवातीपासून दाखवला. डुलकीचं जगजाहीर केलं म्हणून पाच मिनिटं बोलणी खाल्ली, मग तीच म्हणाली रविवारी जाऊ.

सकाळी सातला पाथर्डी फाट्याकडून वर चढलो. तिने दोनशे पानी वहीची जोडपानं घेतली होती. डाव्या पानावर १०, उजव्यावर ३. मी म्हटलं, हे परत कोष्टकच झालं. म्हणाली, बाबा, हे लिहायला नाही, बघायला आहे. ज्या ओळीला दोन्हीकडे काही सापडलं तिला मधून रेघ जोडायची, ज्याला एकाच बाजूला सापडलं ते तसंच लोंबकळत ठेवायचं.

दहामध्ये मागच्या भिंतीपाशी ती बराच वेळ थांबली. तिथे आधी स्तूप कोरलेला होता, नंतर कुणी तरी त्यातूनच भैरव काढलाय. तीनमध्ये मागच्या भिंतीवर स्तूप अजून स्तूपच आहे. ही ओळ लेणीवाल्यांनी सांगितली नव्हती, तिची तिला सापडली. तिथून तिने मला गप्प बसायला सांगितलं. मी ओवरीत बसून पेरू खाल्ला.

घरी येऊन मोजल्या, तेवीस ओळी. मग 'म्हणून काय' लावलं तर सात उरल्या. खोल्यांचा आकडा गेला. मला वाईट वाटलं, ते मोजायचं काम माझ्याकडे होतं.

अभ्यासिका
तेवीसातल्या सात? माझ्यापेक्षा कडक आहे.

परदेशी पाव्हणा
साचा कुठला घेतला?

सातपूरकर
सरांचा तिसरा. पण अडचण आली. सगळे मुद्दे दहा नंबर, तीन नंबर, दहा नंबर, तीन नंबर असे झाले आणि कारंजावाल्यांचं टेबल टेनिस चालू झालं. मग तिने आकडे काढून टाकले आणि माणसं घातली. 'जावई' आणि 'आई'. पुढचा निबंध त्या दोन शब्दांवर गेला. जावई पैसे कुठे ठेवतो, आई काय बोलते. वाचताना मला एकदाही झोप आली नाही, हे प्रामाणिकपणे लिहितोय कारण ती हे वाचणार आहे.

शेवट मात्र सुचत नाहीये. चार दिवस उरलेत. निकाल द्यावा का, कुठलं लेणं श्रेष्ठ?

रविवार कारंजा
निकाल द्यायलाच हवा. नाही तर पुन्हा 'आपापले महत्त्व'.

गंगापूर रोडची सून
मुळीच नको. दोन हजार वर्षांपूर्वीच्या जावयाला पाच-दोनने कशाला हरवायचं?

खडूफळा
श्रेष्ठ-कनिष्ठ वेगळं आणि म्हणणं वेगळं. म्हणणं हवं, ते पहिल्याच परिच्छेदात यायला हवं आणि शेवटी थोडं पुढे सरकलेलं दिसायला हवं. निकाल हवाच असं नाही.

लेणीवाला
शेवटासाठी एक देतो, बसतंय का बघा. १९०६ साली जोगलटेंभीला, इथेच सिन्नर तालुक्यात, चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून जास्त नाणी, सगळी नहपानाची. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलाय. वितळवली नाहीत, पाडली नाहीत नव्याने, तशीच घेऊन वरून ठोकली. एका बाजूला तीन कमानींची टेकडी, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह (फुलीच्या चार टोकांना चार वर्तुळं). कित्येक नाण्यांवर त्या टेकडीच्या आडून नहपानाचं नाक, कपाळ अजून डोकावतं.

लेण्यांच्या बाबतीत शेजारी शेजारी जे झालं, ते नाण्यावर एकावर एक झालं.

चहाबाज
थांबा थांबा. म्हणजे... एकाच नाण्याच्या...

मनमाडची मनू
सरांना कुणी तरी पाणी द्या.

खडूफळा
एका बाजूला दोन राजे आहेत. 'दोन बाजू' नाहीत. चालेल. या एका वेळी चालेल.

सातपूरकर
निबंध काल दिला. शेवटचं वाक्य तिने मला मराठीत सांगितलं ते असं: 'आम्ही शाळेत लिहायचो, एकाच नाण्याच्या दोन बाजू. जोगलटेंभीच्या नाण्यात दोघं एकाच बाजूला आहेत, आणि खालचा अजून पुसला गेलेला नाही.'

गुण यायचेत. मॅडमनी एवढंच विचारलं की नाणी तू स्वतः पाहिलीस का, अट तशी होती. ही म्हणाली नाही, लेणी पाहिलीत. आता त्या वाक्याचं काय करायचं यावर घरात चर्चा चालू आहे. लेणीवाले, असली नाणी नाशकात कुठे बघायला मिळतील? शनिवारी मला सुट्टी आहे.

लेणीवाला
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. आणि सरांना सांगा, फळा पुसायला कुणी लागत असेल तर चहाबाज मोकळे आहेत.